आडव्या कपाटातला उन्हाळा

मुलांनो, जरा डोळे मिटा. दोन्ही नकोत, दोन्ही मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? एकच मिटा आणि एक कपाट समोर आणा. लाकडी, पुरुषभर उंच, कपड्यांचं. आता ते पाठीवर निजवा. दारं काढा. आतल्या फळ्या उपसून टाका. तळाशी चार बोटं माती पसरा, एका टोकाला सपाट दगड ठेवा, दुसऱ्या टोकाला अर्धी फुटलेली कुंडी पालथी घाला. झालं? आता हे सगळं बैठकीच्या खोलीत मधोमध आहे असं समजा, आणि त्या कपाटातले कपडे कुठे गेले असतील याचा विचार करा.

आजीही तोच विचार करत होती.

"कपडे खुर्च्यांवर, खुर्च्यांवर बसणारी माणसं उभी," ती म्हणाली. "कपाट तेवढं आरामात झोपलंय."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," आजोबा म्हणाले.

आजोबा चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खरा असेल तर शिक्का मारायचा आणि खोटा असेल तर लाल पेन्सिलीने चिठ्ठीवर 'अमान्य' लिहून ती तराजूला बांधायची, हे त्यांचं काम. सगळी इमारत त्यांना काटेसाहेब म्हणायची. एकदा एक धान्यवाला हात जोडून म्हणाला होता, "साहेब, काटा खरा आहे हो, फक्त टेबल तिरकं आहे." त्यावर काटेसाहेब म्हणाले होते, "गिऱ्हाईक टेबल घरी नेत नाही, धान्य नेतं," आणि चिठ्ठी बांधून मोकळे झाले होते. हा किस्सा ते दर पाहुण्याला सांगत. आजीला तो इतका पाठ होता की आजोबांना ठसका लागला तर पुढचं वाक्य ती पुरं करी.

निवृत्त होताना खात्याने त्यांना एक गोल, पितळी, काट्याचा तापमापक भेट दिला. तो त्यांनी स्वयंपाकघरालगतच्या भिंतीवर, बरोबर स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला. का, तेही सांगतो. कोणताही काटा तिरकस पाहिला की तो आकडा चुकीचा सांगतो. घड्याळाकडे बाजूने पाहून बघा, दोन मिनिटं इकडे नाहीतर तिकडे जातील. म्हणून खात्याचा पहिला नियम असा, की काटा डोळ्याच्या रेषेत वाचावा. आजोबा रोज सकाळी त्या तापमापकासमोर ताठ उभे राहत आणि आकडा वहीत लिहीत. हिवाळ्यात आजी म्हणाली, "अहो, माझे पाय गार पडलेत," की आजोबा ती वही उघडून दाखवत. बावीस. बावीसला पाय गार पडत नाहीत.

"वहीचे पडत नसतील," आजी म्हणे आणि दुसरे मोजे चढवी.

अशा या घरात कासव आलं ते नातीच्या मावशीमुळे. मावशीची बदली समुद्रापलीकडे झाली, आणि बोटीवर कासव न्यायची सोय नव्हती. नात नऊ वर्षांची. ती आणि तिची आई आजीआजोबांकडेच राहत. आईची दवाखान्यात नोकरी, त्यामुळे घरातल्या उठाठेवींत ती फक्त जेवायच्या वेळी भाग घेई. नातीने मावशीला शब्द दिला होता, की तू परत येईपर्यंत सावकाशला मी सांभाळीन. सावकाश हे कासवाचं नाव. ते त्याला का पडलं ते कुणी विचारलं नाही.

मावशीने जाताना एक चिठ्ठी ठेवली होती. कासव जमिनीवरचं आहे, पोहणारं नाही. त्याला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. आपण जेवलो की आपलं अंग आपोआप गरम राहतं, त्याचं तसं नाही, त्याला बाहेरून ऊन लागतं. ऊन मिळालं नाही तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून ते खायचंच बंद करतं. दगडावर एक गरम दिवा, दिव्याखाली तेहतीस अंश. दुसरं टोक थंड, तेवीस. शिवाय उन्हातल्यासारखे किरण देणारी एक नळी. सकाळी सात ते संध्याकाळी सात चालू, मग बंद.

"यात काही अवघड नाही," चिठ्ठी घडी घालत आजोबा म्हणाले. मुलांनो, हे वाक्य घरात कुणी म्हणालं की त्या दिवशी जरा लवकर जेवून घ्यावं.

पहिली अडचण सरकारी होती. कासव पाळायचं तर परवाना लागतो, आणि मावशीच्या नावावरचा परवाना आजोबांच्या नावावर करायचा होता. प्राणी परवाना कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज पुढे केला. तो कुत्र्यापासून पोपटापर्यंत सगळ्यांना एकच होता.

"फोटो लागेल," कारकून म्हणाला. "समोरून. दोन्ही कान स्पष्ट दिसले पाहिजेत."

"कासवाचे कान दिसत नाहीत," आजोबा म्हणाले.

"कापलेत?"

"नाहीत. बाहेर नसतातच."

कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला. "मग तसं लिहून द्या. 'कान लागू नाहीत.' खाली सही."

आजोबांनी लिहून दिलं. पुढच्या पानावर छापलं होतं, की अर्जदाराने प्राण्याच्या निवासातील तापमान सात दिवस, दिवसातून तीन वेळा नोंदवून ठेवावे. तपासणी अधिकारी घरी येऊन निवास व प्राणी दोन्ही पाहतील. अर्जदाराने अधिकाऱ्यांस सहकार्य करावे. निवास अयोग्य आढळल्यास प्राणी देखभाल केंद्रात हलवण्यात येईल.

सहकार्य करावे, हे वाक्य आजोबांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आपल्याला कुणी ऐकवेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी अर्ज नातीपुढे ठेवला.

"केंद्रात हलवलं की परत मिळतं?" नातीने विचारलं.

"हलवण्याचा प्रश्नच येत नाही," आजोबा म्हणाले. "तपासणी म्हणजे काय ते मी त्यांना दाखवतो."

दिवा बसवायला वायरमन आला. तो कशालाही "होऊन जाईल" म्हणायचा आणि लगेच दुसऱ्या कामाला निघायचा. त्याने कपाटाच्या दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायच्या स्टँडचे पाय उभे केले, वर आडवी दांडी टाकली आणि दांडीला साखळीने दिवा लोंबकळवला. दिवा त्याने आपल्या मनाने निवडून आणला होता. वीज कमी खाणारा, पांढराशुभ्र. तो लावल्यावर खोलीत सुई सापडावी असा उजेड पडला. सावकाश कुंडीतून बाहेर आलं, उजेडात बसलं, वर पाहिलं आणि परत आत गेलं.

"आजोबा, हा दिवा तापतच नाहीये," नातीने दिव्यापाशी हात नेऊन सांगितलं.

"तापत नाही हाच तर त्याचा गुण," वायरमन म्हणाला.

बरोबरच होतं ते. आपल्याला दिव्याकडून उजेड हवा असतो आणि उष्णता म्हणजे फुकट गेलेली वीज. सावकाशला नेमकी ती फुकट गेलेली वीज हवी होती. दिवा बदलला. नवा दिवा चांगला तापला; इतका, की दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा प्लॅस्टिकचा होल्डर मऊ पडला आणि दिव्याने मान टाकली. साखळी दिव्याच्या टोपीला होती म्हणून तो कासवाच्या पाठीवर पडला नाही, नाहीतर आपली गोष्ट इथेच संपली असती. वायरमनला पुन्हा बोलावून चिनी मातीचा होल्डर लावून घेतला.

याच सुमारास शेजारचे अनुभवी काका येऊ लागले. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू होई. त्यांनी एकदा अकरा दिवस मासे पाळले होते, तेवढ्यावर ते सगळ्या प्राणिमात्रांबद्दल बोलत.

"माझा अनुभव सांगतो, काटेसाहेब. ऊब पोटाला द्यायची. पाठीला काय, पाठीवर तर ढाल आहे." आणि त्यांनी पिशवीतून कमरेला शेकायची विजेची पट्टी काढली. "ही मातीखाली घाला."

"मावशीने लिहिलंय खालून शेकायचं नाही," नात म्हणाली. "ऊन वरून येतं. खालून भाजलं तर त्याला नीट कळत नाही, ते तसंच बसून राहतं."

"मावशी किती दिवस पाळतेय?"

"चौदा वर्षं."

अनुभवी काका थोडा वेळ पट्टीची घडी घालत राहिले.

"ती पट्टी माझ्या पायांना चालेल," आजी दारातल्या बुटक्या खुर्चीवरून म्हणाली.

"वहिनी, दिली असती. पण ही आमच्या हिची आहे, तिला न सांगता आणलीय." आणि पट्टी घेऊन ते गेले. आजी पाय जवळ ओढून बसली. आजोबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. बावीस.

मग नळी. उन्हातले काही किरण कासवाचं कवच आणि हाडं घट्ट ठेवतात, ते ही नळी देते. आजोबांनी तिला धूळ लागू नये म्हणून चारही बाजूंनी काच बसवून घेतली आणि दोन दिवस त्या काचेकडे कौतुकाने पाहिलं. तिसऱ्या दिवशी नातीने चिठ्ठीचं मागचं पान वाचलं. ते किरण काचेतून येत नाहीत. खिडकीच्या बंद काचेतून आलेल्या उन्हाचंही तेच. काच निघाली. आजोबा म्हणाले, "मी ती तात्पुरतीच लावली होती."

राहता राहिलं आपोआप चालू-बंद करणारं घड्याळ. वायरमन जिन्यातूनच "होऊन जाईल" म्हणत आला, घड्याळ लावलं आणि गेला. संध्याकाळी सातला दिवा लागला. सकाळी सातला विझला. सावकाशचा दिवस आणि रात्र यांची अदलाबदल झाली होती. हे नीट करायला वायरमन चार दिवस मिळाला नाही, आणि आजोबांनी स्वतः घड्याळ उलटं फिरवून पाहिलं तेव्हा आजीच्या इस्त्रीसकट घराचा फ्यूज उडाला. चार संध्याकाळी बैठकीच्या खिडकीतून रस्त्यावर असा प्रकाश पडत होता की दोन माणसं जिना चढून येऊन विचारून गेली, दुकान कधी उघडणार.

पाचव्या दिवशी इमारतीच्या चिटणिसांचं पत्र आलं. आपल्या घरातून सायंकाळी प्रखर प्रकाश व अधूनमधून उष्ण हवा येते. निवासी जागेत अंडी उबवण्याचा अथवा तत्सम उद्योग चालू असल्यास सात दिवसांत खुलासा करावा.

आजोबांच्या आयुष्यात त्यांनी खुलासे मागवले होते, दिले नव्हते. ते टेबलापाशी बसले आणि 'संदर्भ: आपले पत्र' इथून सुरुवात करून दीड पान लिहिलं. घरात एकही अंडं उबवलं जात नाही. दिव्याचा लाभार्थी एक असून तो उद्योग करत नाही; किंबहुना काहीच करत नाही.

चिटणीस स्वतः पाहायला आले. त्यांनी आडव्या कपाटात वाकून पाहिलं. कुंडीतून एक नाक दिसत होतं.

"हे कधी बाहेर येतं?"

"येईल," आजोबा म्हणाले.

"नाही, म्हणजे, मला नोंद करायची आहे."

"आम्हालाही," नात म्हणाली.

कारण खरी काळजी तीच होती. दिवा तापत होता, नळी चालू होती, पाचव्या दिवशी वायरमनने घड्याळही सरळ करून दिलं, पण सावकाश खात नव्हतं. नात शाळेतून येताना कोवळी पानं तोडून आणायची, धुऊन दगडावर मांडायची आणि संध्याकाळी सुकलेली उचलायची. मावशीचं पत्र आलं, त्यात विचारलं होतं, सावकाश कसं आहे. नातीने उत्तराला कागद घेतला आणि 'प्रिय मावशी' लिहून तसाच ठेवला.

आता तापमानाची सात दिवसांची नोंद सुरू करायची होती. हे काम आजोबांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. जुन्या कार्यालयात जाऊन त्यांनी एक तपासलेला, शिक्का असलेला तापमापक मागून आणला. कपाटासमोर आपली खुर्ची ठेवली. तिच्यावर बसले, पाठ ताठ केली, आणि आधी तापमापक टांगला: त्याच दांडीला, बरोबर डोळ्याच्या रेषेत. मग चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे त्याच्या वर दिवा ठेवून साखळी कडीकडीने वरखाली केली, काटा तेहतीसवर येईपर्यंत. दिव्याखाली तेहतीस. चिठ्ठीत शब्दसुद्धा हेच होते.

सात दिवस, दिवसातून तीनदा, आजोबा त्या खुर्चीवर बसले. तेहतीस. तेहतीस. साडेबत्तीस. तेहतीस. अक्षर एकसारखं, रेघा पट्टीने मारलेल्या, खाडाखोड नाही. चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या कुणी इतकी सुंदर नोंद ठेवली नव्हती. वहीप्रमाणे कासव उन्हाळ्यात राहत होतं.

"आजोबा, ते अजून खात नाहीये."

"सवय होईल. तापमान योग्य आहे."

"त्याचे पाय हाताला गार लागतात."

"तेहतीसला पाय गार पडत नाहीत," आजोबा म्हणाले, आणि आजीने विणकामातून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

तपासणी शनिवारी चारला होती. शनिवारी शाळा लवकर सुटे. तीनला घरातली सगळी तयारी झाली होती: वही टेबलावर, अर्जाच्या प्रती वहीखाली, आजोबांच्या अंगात कार्यालयातला कोट. अनुभवी काका कार्यक्रम पाहायला आधीच येऊन बसले होते. नात मात्र दिसत नव्हती. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्यांना कपाटातून दोन तळवे बाहेर आलेले दिसले. कपाट लांबीला भरपूर होतं. नात आत मातीवर पालथी पडली होती, गाल सपाट दगडावर टेकलेला, आणि हातातलं पान सावकाशच्या नाकापुढे धरलेलं.

"अगं, कपडे मळतील. अधिकारी येतायत."

"आजोबा, इथे गार आहे."

"कुठे?"

"इथे. सावकाशच्या इथे. डोक्याला वरून थोडं गरम लागतं, पण दगड गार आहे. माझा गालसुद्धा गार पडलाय."

"शक्य नाही. तेहतीस आहे," आजोबांनी काट्याकडे पाहिलं. तेहतीस होतं.

"ते तिथे आहे," नात म्हणाली. "इथे या ना."

आजोबा कोटासकट गुडघ्यांवर बसले. गुडघे वाजले. मग एक हात टेकून, मग दुसरा टेकून, ते कपाटाच्या कडेवरून आत वाकले आणि दगडावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दांडीवरचा तापमापक काढून दगडावर मांडला.

"पाच मिनिटं थांबायचं," ते म्हणाले. नियम तो नियम.

काटा खाली खाली येत गेला. आकडा पाहायला आजोबांना गाल मातीला टेकावा लागला. नातीचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर, आणि मधे सावकाशचं नाक.

एकोणीस.

मुलांनो, गरम हवा वर जाते हे तुम्ही शिकला असाल, आणि दिव्यापासून लांब गेलं की त्याची ऊब कमी होते हे तर हात धरून पाहिलं तरी कळतं. आजोबांनाही दोन्ही माहीत होतं. पण नोकरीच्या सुरुवातीला ते गोदामातल्या जमिनीवरच्या तराजूंसमोर ओणवे होऊन आपला डोळा काट्यापाशी नेत असत. पुढे बढती झाली, खुर्ची मिळाली, आणि लोक काटा उचलून त्यांच्या डोळ्यापाशी आणू लागले. तेव्हापासून काटा डोळ्याच्या रेषेत होता खरा. कुणाचा डोळा, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

"माझा अनुभव सांगतो, काटेसाहेब," अनुभवी काका हळू आवाजात म्हणाले. "अर्धा तास आहे. दिवा खाली घ्या, तापमापक दगडावर ठेवा, दगड तापेल. वही तर फर्स्ट क्लास आहे. कुणाला काय कळतंय?"

हे खरं होतं. वही फर्स्ट क्लास होती. तीच दाखवली तर परवाना मिळत होता. नाही दाखवली तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर केंद्र. नात उठून बसली होती. तिच्या गालाला माती लागली होती. हातातलं पान तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.

"तापमापक तर खरा आहे ना?" अनुभवी काका म्हणाले. "फक्त जागा जरा..."

"टेबल तिरकं आहे," आजी म्हणाली.

आजोबांनी कोटाच्या वरच्या खिशातून लाल पेन्सिल काढली. वही उघडली. एकवीस नोंदींवर, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पट्टी न लावता रेघ ओढली. खाली लिहिलं: 'अमान्य. तापमापक अयोग्य ठिकाणी.' आणि सही केली. सही नेहमीपेक्षा जरा लहान आली. मग त्यांनी साखळी सैल करून दिवा दगडापासून दीड वितीवर आणला.

चारला तपासणी अधिकारी आल्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाई. तरुण होत्या, खांद्याला बॅग, पायात चिखलाचे बूट. आधीच्या घरी शेळ्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. वही उघडली आणि बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," आजोबा म्हणाले. "नोंदी मीच केल्या आणि रद्दही मीच केल्या. तेहतीस माझ्या नाकापाशी होतं. कासवापाशी एकोणीस."

डॉक्टरीणबाईंनी सावकाशला उचललं, पाय चाचपले, डोळे पाहिले, काट्यावर वजन केलं. काटा कोणता ते आजोबांनी पाहिलं, पण या वेळी बोलले नाहीत.

"आजारी नाहीये, गारठलंय आणि उपाशी आहे," त्या म्हणाल्या. "पण सात दिवसांची नोंद नाही, असं मला लिहावं लागेल."

"मग त्याला नेणार?" नातीने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी परत वहीकडे पाहिलं. "अशी वही मी पहिल्यांदा बघतेय. बाकी सगळ्यांच्या बरोबर असतात."

"आणि त्यांची कासवं?"

"बरीचशी गार असतात," त्या म्हणाल्या, आणि अर्जाच्या शेवटच्या पानावर 'पुनर्तपासणी' असा एक चौकोन होता त्यात खूण केली. "आठ दिवसांनी येते. तोवर खाल्लं पाहिजे त्याने. नाही खाल्लं तर मात्र घेऊन जाईन, तेव्हा रडायचं नाही."

"मी रडत नाही," नात म्हणाली. ते अगदीच खरं नव्हतं.

पुढचे सात दिवस नोंद नातीने केली. दिवसातून तीनदा ती कपाटात पालथी पडे, तापमापक दगडावर, तिचा डोळा काट्यासमोर. तिने आकडा सांगायचा, आजोबांनी लिहायचा. एकतीस. तेहतीस. बत्तीस. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सावकाश कुंडीच्या तोंडापर्यंत आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते निघालं, कपाटाची अर्धी लांबी चाललं, दगडावर चढलं, चारही पाय आणि मान ताणून सांडल्यासारखं पसरलं आणि तासभर तसंच पडून राहिलं. मग उठून त्याने एक पान खाल्लं. मग दुसरं. पान फाडल्याचा आवाज खोलीत स्पष्ट ऐकू येत होता. आजोबांनी वहीत तापमानाच्या रकान्यात जागा नसताना लिहिलं: 'दोन पाने.' नातीने 'प्रिय मावशी'चा कागद शोधून काढला.

डॉक्टरीणबाई आल्या, वजन केलं, सही केली. परवान्यावर सावकाशच्या फोटोखाली छापून आलं होतं: कान लागू नाहीत. आजोबांनी परवाना काचेत लावला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नेहमीचं जगणं सुरू झालं. सकाळी ते भिंतीवरच्या आपल्या पितळी तापमापकासमोर ताठ उभे राहिले, घराची वही उघडली आणि लिहिलं: बावीस.

"पाय गार पडलेत," आजी बुटक्या खुर्चीवरून म्हणाली. सवयीने म्हणाली, उत्तराची तिला काही अपेक्षा नव्हती.

"बावीस आहे," आजोबा म्हणाले.

नात सावकाशला पानं घालत होती. ती उठली. तिने स्टूल ओढलं, वर चढून पितळी तापमापक खिळ्यावरून काढला, आणि तो आजीच्या पायांपाशी फरशीवर ठेवला. मग त्याच्यासमोर पालथी पडली आणि हनुवटी हातांवर टेकून वाट पाहू लागली. आजोबा काही बोलायला गेले, पण नियम त्यांचाच होता. पाच मिनिटं झाली.

"सोळा," नात म्हणाली.

आजीने विणकाम मांडीवर ठेवलं. नात उठली, कपडे झटकले, खुंटीवरच्या कोटाच्या वरच्या खिशातून लाल पेन्सिल काढली आणि आजोबांच्या हातात दिली.